पाच नंबरची जर्सी : डॉडी वेअर यांच्या संस्थेची वाटचाल

स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या हद्दीलगत जो टापू आहे त्याला तिथले लोक नुसते ‘बॉर्डर्स’ म्हणतात. ट्वीड नदीचे खोरे, मेंढ्यांची कुरणे आणि एके काळी लोकरीच्या गिरण्यांवर जगलेली लहान लहान गावे. ज्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या पिढीने आवडीने वाचल्या त्या सर वॉल्टर स्कॉट यांचे ॲबट्सफर्ड हे घर याच नदीच्या काठी उभे आहे. तिथून जवळच मेलरोज आहे. जुन्या मठाचे भग्न अवशेष, पाठीशी आयल्डनच्या तीन टेकड्या, दोन-अडीच हजारांची वस्ती आणि गावातच ‘ग्रीनयार्ड्स’ नावाचे रग्बीचे मैदान. ‘माय नेम’५ डॉडी फाउंडेशन’ ही मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णांसाठी रग्बीपटू डॉडी वेअर यांनी काढलेली संस्था २०१७ साली स्थापन झाली खरी, पण तिचा इतिहास सांगताना आरंभ या मैदानापासूनच करावा लागतो.

१८८३ साली मेलरोजच्या क्लबची तिजोरी रिकामी झाली होती. नेड हेग हा त्यांचा एक खेळाडू पेशाने खाटीक. गावात क्रीडामेळा भरवून पैसे उभे करावेत असे ठरले, तेव्हा मेळ्यात रग्बीचेही सामने असावेत असे त्याने सुचवले. अडचण अशी की पंधरा-पंधरा जणांचे अनेक सामने एका दुपारी होणार कसे? मग प्रत्येक बाजूला सातच खेळाडू घ्यायचे आणि सामना पंधरा मिनिटांत आटपायचा, अशी तोड निघाली. २८ एप्रिल १८८३ रोजी ते सामने झाले. आसपासच्या गावांतून लोक खास आगगाड्यांनी आले. अंतिम सामना मेलरोज आणि शेजारचे गाला यांच्यात होता. तो बरोबरीत सुटला, म्हणून जादा वेळ खेळायचे ठरले. मेलरोजने त्यात एक ट्राय केली, म्हणजे चेंडू गालाच्या रेषेपलीकडे टेकवला, आणि वेळ संपायची वाट न पाहता, आपण जिंकलो असे सांगून ते थेट मैदानाबाहेर पडले. गालावाल्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण करंडक मेलरोजलाच मिळाला. आज ऑलिंपिकमध्ये खेळला जाणारा ‘सेव्हन्स’ हा प्रकार असा एका गावाच्या निधी-संकलनातून जन्मला. क्लबला पैसे हवेत म्हणून खेळाची नवी रीत काढणारी ही माणसे होती. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्यांच्या वारसांनी रुग्णांसाठी जे केले, त्याची मुळे इथे आहेत असे मी मानतो.

रग्बी आणि पैसा यांचे नाते फार चमत्कारिक राहिले आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडचे खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे होते. शनिवारी सामन्याला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून मिळावी एवढीच त्यांची मागणी होती. रग्बी युनियन या नियामक संघटनेने ती नाकारली, आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. पुढे त्यांच्या खेळाला ‘रग्बी लीग’ हे नाव पडले. उरलेल्या युनियनने हौशीपणाचा नियम त्यानंतर शंभर वर्षे कडक पाळला. खेळण्याचे पैसे घेणे तर दूरच, स्वतःच्या खेळावर पुस्तक लिहून त्याचे मानधन घेतले तरी खेळाडू बाद ठरू शके. वेल्सचे नामवंत खेळाडू आणि अस्थिशल्यचिकित्सक जे. पी. आर. विल्यम्स यांनी १९७९ साली आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याचे उत्पन्न ब्रिजेंडच्या क्रीडा-दुखापत केंद्राला दिले. नियमाचा जाच होता हे खरे. मजुराच्या पोटावर पाय देणारा तो नियम होता हेही खरे. पण त्याची दुसरी बाजू अशी की, मैदानावर जमलेला पैसा खेळाडूच्या खिशात जाऊ शकत नसल्यामुळे तो कोणत्या तरी सत्कार्याकडे वळवण्याची सवय या खेळाच्या अंगी लागली.

या सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण लंडनचे. तिथे स्थायिक झालेले एक स्कॉटिश डॉक्टर, जे. ए. रसेल-कारगिल, यांनी १९२६ साली ट्विकनम मैदानावर ‘मिडलसेक्स सेव्हन्स’ ही स्पर्धा सुरू केली. खेळ मेलरोजचा, मैदान इंग्लंडचे आणि उत्पन्न किंग एडवर्ड हॉस्पिटल फंडाला. त्या काळी ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा नव्हती. ती १९४८ च्या जुलैमध्ये आली. तोवर लंडनची मोठी रुग्णालये देणग्यांवर चालत. १८९७ साली स्थापन झालेला हा फंड त्या रुग्णालयांना पैसा पुरवत असे. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. या स्पर्धेत रुग्णालयांचे स्वतःचे संघही उतरत. सेंट मेरीज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९४०, १९४२, १९४३ आणि १९४४ अशी ऐन युद्धकाळात चार वेळा ती जिंकली. वॉर्डातली कामे उरकून ही मुले मैदानावर येत असणार. लंडनच्या रुग्णालयांमधली रग्बी तर याहून जुनी. त्यांची आपसातली करंडक स्पर्धा १८७० च्या दशकात सुरू झाली, ती आजही चालू आहे.

आपल्या मुंबईतही या परंपरेची एक फांदी रुजली आहे. बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळणारे मॅथ्यू स्पेसी हे नोकरीनिमित्त आलेले इंग्रज. मैदानाच्या कडेला, फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथवर राहणारी मुले त्यांचा सराव बघत उभी असत. स्पेसींनी त्यांना खेळायला आत घेतले आणि त्यातून १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. खेळाच्या तासाला मुलांना शाळेचे, स्वच्छतेचे, आरोग्याचे शिकवायचे ही तिची रीत. रग्बीचा भारताशी संबंध त्याहून बराच जुना आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्यासाठी लढतात तो ‘कलकत्ता कप’ म्हणजे कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद करताना बँकेतून काढलेले २७० चांदीचे रुपये वितळवून घडवलेला करंडक आहे. त्याच्या झाकणावर हत्ती आहे, मुठी नागाच्या आहेत. मंडळ मोडताना शिल्लक वाटून न घेता तिचे असे काही करावे, हे त्या क्लबच्या सभासदांना सुचले.

आता डॉडींकडे येऊ.

जॉर्ज विल्सन वेअर यांचा जन्म ४ जुलै १९७० चा, एडिंबराचा. घर शेतकऱ्याचे. सहा फूट सहा इंच उंची, लांबलचक पाय आणि कायम हसरा चेहरा. त्यांना सगळे डॉडीच म्हणत. ते मेलरोजकडून खेळू लागले तो काळ त्या क्लबच्या भरभराटीचा होता. नव्वदच्या दशकात मेलरोजने स्कॉटलंडचे अजिंक्यपद वारंवार पटकावले. डॉडी दुसऱ्या फळीत, ‘लॉक’ या जागी खेळत. चेंडू बाजूने आत फेकला जातो तेव्हा साथीदारांच्या आधाराने उंच उडी मारून तो हिसकावणे आणि स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना रेटतात तेव्हा, पुढच्या फळीला रेटा देणे हे लॉकचे काम. पाठीवर सहसा चार किंवा पाच नंबर असतो. डॉडींचा पाच. नोव्हेंबर १९९० मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध त्यांनी स्कॉटलंडकडून पहिला सामना खेळला, आणि २००० पर्यंत एकूण ६१. उंच देह सांभाळत चेंडू घेऊन ते सुसाट सुटले की समालोचक बिल मॅकलॅरन यांना उधळलेल्या जिराफाची आठवण होई. ते वर्णन डॉडींना जन्मभर चिकटले आणि त्यांनाही ते आवडे.

त्यांची कारकीर्द दोन युगांत विभागली गेली. ऑगस्ट १९९५ मध्ये, फुटीला शंभर वर्षे होत असताना, रग्बी युनियनने हौशीपणाचा नियम रद्द केला. त्याच वर्षी डॉडी न्यूकॅसलला व्यावसायिक म्हणून गेले, १९९८ मध्ये त्या संघासोबत इंग्लंडचे विजेतेपद मिळवले, १९९७ मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त ‘लायन्स’ संघातून दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले आणि तिथे गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे अर्ध्यातून परतले. शेवटी बॉर्डर्सच्या संघाकडून खेळून निवृत्त झाले आणि शेतीत व व्यवसायात रमले. मेजवानीच्या भाषणांसाठी त्यांना सगळीकडून बोलावणी येत. अंगावर भडक चौकड्यांचा टार्टन सूट आणि जिभेवर किस्से. पैसे कुणासाठीही गोळा करायचे असोत, डॉडी हजर असत. पुढे लोक त्यांच्यासाठी धावले त्याचे हेही एक कारण.

डिसेंबर २०१६ मध्ये डॉक्टरांनी निदान सांगितले : मोटर न्यूरॉन आजार, म्हणजे एमएनडी. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम वाहून नेणाऱ्या चेतापेशी या आजारात एकेक करून मरतात. हुकूमच पोचत नाही म्हणून स्नायू वाळतात. आधी हाताची पकड जाते किंवा पाय अडखळतो, मग बोलणे, गिळणे आणि शेवटी श्वास. विचार आणि जाणीव बहुतेकांत शाबूत राहतात, आणि यातच या आजाराचे क्रौर्य आहे. स्टीफन हॉकिंग या आजारासोबत पन्नासहून अधिक वर्षे जगले, पण ते विरळा उदाहरण. निदानानंतर निम्मे रुग्ण दोन वर्षांच्या आसपास दगावतात. ब्रिटनमध्ये कोणत्याही वेळी सुमारे पाच हजार लोक हा आजार घेऊन जगत असतात. आणि औषध? १९९० च्या दशकाच्या मध्याला आलेले रिलुझोल. ते आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. त्यानंतर वीस वर्षे ब्रिटनमधल्या रुग्णाच्या हाती नवीन काही पडले नव्हते. डॉडींना राग आला तो याचा. आपल्याला आजार झाला याबद्दल त्यांनी फारशी तक्रार केली नाही. पण दोन दशकांत विज्ञान इथेच थांबलेले आहे, आणि रुग्णाने घरी जाऊन शेवटाची वाट पाहावी अशी अपेक्षा आहे, हे त्यांना सहन होईना.

जून २०१७ मध्ये त्यांनी आजार जाहीर केला. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंडचा न्यूझीलंडशी सामना होता. सामन्याचा चेंडू मैदानात घेऊन येण्याचा मान डॉडींना मिळाला. तीन मुलगे सोबत, अंगात टार्टनचा सूट. सदुसष्ट हजारांचे मैदान उठून उभे राहिले. न्यूझीलंडचे खेळाडू त्यांना भेटायला पुढे आले. संस्था त्याच महिन्यात सुरू झाली. नावात इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या जागी पाचाचा आकडा घातला, जर्सीवरचा. उद्देश दोनच ठेवले : उपचार शोधणाऱ्या संशोधनाला पैसा द्यायचा, आणि आज आजारी असलेल्यांना रोजच्या जगण्यासाठी मदत करायची. संस्थांची उद्दिष्टे लिहिताना कलमांवर कलमे वाढत जातात हे आपण पाहतो. इथे ती दोनच राहिली, आणि पैसा कुठे जातो हे देणाऱ्याला विचारावे लागले नाही.

विश्वस्त मंडळात जुने खेळाडू आले. स्कॉट हेस्टिंग्ज, जॉन जेफ्री, फिनले कॅल्डर, गॅरी आर्मस्ट्राँग. हे चौघेही १९९० साली इंग्लंडला हरवून ग्रँड स्लॅम (स्पर्धेतले सर्व सामने जिंकण्याचा मान) मिळवणाऱ्या स्कॉटलंडच्या संघात होते. तो संघ संपूर्ण हौशी. जेफ्री शेतकरी होते, आर्मस्ट्राँग ट्रक चालवत. सोमवारी कामावर आणि शनिवारी देशासाठी मैदानात, अशी ही पिढी. बॉर्डर्सच्याच क्रीडानिवेदिका जिल डग्लस सुरुवातीपासून सोबत होत्या. पुढे त्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. पडद्यामागची कामे सांभाळणारी माणसे एकमेकांना तीस वर्षे ओळखत होती. एखाद्या संस्थेला यापेक्षा मोठे भांडवल लागते असे मला वाटत नाही.

पैसा आला तो मुख्यतः गावोगावच्या क्लबांतून. ज्यांची नावे वर्तमानपत्रात कधी छापून येत नाहीत असे खेळाडू, म्हणजे शनिवारी दुपारी चिखलात लोळून सोमवारी कामावर लंगडत जाणारे शिक्षक, सुतार, पशुवैद्य आणि बँकेतले कारकून, त्यांनी हे काम अंगावर घेतले. कुणी क्लबच्या जेवणावळीत जर्सीचा लिलाव केला. कुणी सायकली काढल्या. कुणी वयस्क खेळाडूंचे दोन संघ जमवून सामना लावला. डॉडी ज्या संघांकडून खेळले त्यांचे रंग गुंफून एक टार्टन विणले गेले आणि त्याचे टाय, मफलर, झगे विकले जाऊ लागले. आपल्याकडे आळीतले मंडळ दारोदार जाऊन वर्गणी काढते, तशीच ही रीत : देणारा आणि मागणारा एकमेकांना नावाने ओळखतात. मोठ्या देणगीदारांच्या मागे धावणाऱ्या संस्थेपेक्षा अशा संस्थेची मुळे खोल जातात, कारण एक दाता निघून गेल्याने ती सुकत नाही.

२०१८ मध्ये एक वाद उभा राहिला. वेल्स आणि स्कॉटलंड यांच्यातल्या सामन्यासाठी ‘डॉडी वेअर कप’ नावाचा करंडक ठेवला गेला, आणि मग कळले की त्या सामन्याच्या उत्पन्नातून संस्थेला काहीच मिळणार नाही. नाव डॉडींचे, तिकिटे त्यांच्या नावावर विकली जाणार आणि रुग्णांना पैसाही नाही, हे क्लबांच्या साध्या सभासदांना रुचले नाही. त्यांनी जोरात आवाज उठवला. दोन्ही देशांच्या संघटनांनी अखेर मोठी रक्कम देण्याचे कबूल केले. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी कार्डिफमध्ये पहिला सामना झाला, तो वेल्सने २१-१० असा जिंकला. व्यावसायिक झालेल्या खेळाला त्याच्या जुन्या सवयीची आठवण प्रेक्षकांनी करून दिली, असे मी या प्रसंगाकडे पाहतो. हौशी खेळाडू संघटनेच्या दप्तरात उरले नव्हते. पण स्टँडमध्ये बसलेले हजारो जण हौशीच होते.

२०१९ साली डॉडींना ओबीई हा किताब मिळाला आणि डिसेंबरमध्ये बीबीसीने संकटात धैर्य दाखवणाऱ्यांना दिला जाणारा हेलन रोलसन पुरस्कार दिला. तोवर हात निकामी होत चालले होते, बोलणे जड झाले होते. तरी ते प्रत्येक कार्यक्रमाला जात राहिले.

मग करोना आला. जेवणावळी बंद, सामने बंद, मैदाने बंद. अशा वेळी बहुतेक धर्मादाय संस्थांचे उत्पन्न आटले. या संस्थेने मात्र ऐन टाळेबंदीतच सर्वांत मोठा उपक्रम उभा केला, आणि त्याचे श्रेय रॉब वेनराइट यांचे. वेनराइट हे स्कॉटलंडचे माजी कर्णधार. शिकले वैद्यकशास्त्र, नोकरी केली लष्करात डॉक्टर म्हणून, आणि निवृत्तीनंतर कोल नावाच्या पश्चिमेकडच्या बेटावर मेंढ्या-गुरे पाळू लागले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी ‘डॉडी एड’ काढले. कल्पना अगदी साधी. स्कॉटलंडच्या रग्बीत पूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांत सामने होत : एडिंबरा, ग्लासगो, दक्षिण, उत्तर आणि देशाबाहेरचे ‘परदेशस्थ’. ते जिल्हे पुन्हा उभे करायचे. प्रत्येकाने पैसे भरून आपल्या जिल्ह्यात नाव नोंदवायचे आणि महिनाभर चालावे, पळावे, सायकल चालवावी, पोहावे, वल्हवावे, जमेल ते. किती मैल झाले ते फोनवरच्या ॲपमध्ये टाकायचे. जिल्ह्याच्या खात्यात मैल वाढत जातात आणि महिनाअखेर विजेता ठरतो. भाग घेणाऱ्याला गळ्याभोवती घालायची एक रंगीत कापडी पट्टी मिळते.

स्कॉटलंडचा जानेवारी म्हणजे दुपारी चारलाच अंधार आणि अंगावर येणारा पाऊस. त्यात टाळेबंदी. घरात कोंडलेल्या माणसाला बाहेर पडायला एक कारण मिळाले, शेजाऱ्याशी स्पर्धा मिळाली, आणि आपले चालणे कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे हे समाधान मिळाले. पहिल्याच वर्षी दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. एका डॉक्टरने सुचवलेला हा उपक्रम देणाऱ्याच्या प्रकृतीलाही हितकारक ठरला, हे त्याचे वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते. रोग्यासाठी पैसा गोळा करताना हजारो निरोगी माणसे चालायला लागली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये रग्बी लीगवालेही उठले होते. लीड्सचे रॉब बरो हे पाच फूट पाच इंचांचे चपळ खेळाडू. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना हाच आजार असल्याचे कळले. तेव्हा त्यांना भेटून धीर देणाऱ्यांत डॉडी होते. बरो यांचे जुने कर्णधार केविन सिनफील्ड यांनी डिसेंबर २०२० मध्ये मित्रासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन पळण्याचे ठरवले. बरो यांच्या पाठीवरचा नंबर सात, म्हणून लक्ष्य ७७,७७७ पौंडांचे. जमले वीस लाखांहून जास्त. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर ते एडिंबराच्या मरेफील्डपासून मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डपर्यंत सात दिवस पळाले, रोज मॅरेथॉनहून लांब पल्ला. त्या वेळी मिळालेल्या पैशात डॉडींच्या संस्थेचाही वाटा होता. १८९५ मध्ये हडर्सफील्डला फुटलेले दोन खेळ, ज्यांचे खेळाडू एकमेकांच्या मैदानावर पाऊल ठेवू शकत नसत, ते या आजाराच्या निमित्ताने एका कामाला लागले.

सिनफील्ड १३ नोव्हेंबर २०२२ रोजी मरेफील्डहून निघाले. त्याच दिवशी तिथे स्कॉटलंड-न्यूझीलंड सामना होता. डॉडी चाकांच्या खुर्चीत मैदानावर आले. पाच वर्षांपूर्वी याच प्रतिस्पर्ध्यासमोर ते स्वतःच्या पायांनी चेंडू घेऊन आले होते. २६ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. वय ५२. निदानानंतर जवळजवळ सहा वर्षे ते जगले. तोवर संस्थेने ऐंशी लाख पौंडांहून अधिक रक्कम संशोधनासाठी देऊ केली होती. डिसेंबरमध्ये मेलरोजच्या चर्चमध्ये त्यांची स्मरणसभा झाली. रॉब बरो जून २०२४ मध्ये गेले, ४१ व्या वर्षी.

या इतिहासातले एक पान अवघड आहे, पण ते वगळून चालणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे डॉडींच्या निधनाच्या सुमारे दोन महिने आधी, ग्लासगोच्या विली स्ट्युअर्ट यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॉटलंडकडून खेळलेल्या ४१२ माजी पुरुष खेळाडूंच्या आरोग्याची नोंद त्यांनी वय आणि परिस्थितीने जुळणाऱ्या १,२३६ सामान्य माणसांशी ताडून पाहिली. मेंदूच्या ऱ्हासाचे आजार खेळाडूंत सुमारे अडीच पट आढळले, आणि मोटर न्यूरॉन आजाराचा धोका तर पंधरा पट. आजार मुळात दुर्मिळ, त्यामुळे प्रत्यक्ष रुग्णसंख्या लहान आणि आकड्यात अनिश्चितता मोठी. आनुवंशिकता, डोक्यावरचे आघात, अतिश्रम यांपैकी कशाचा किती वाटा, हे या अभ्यासातून ठरत नाही. तरीही दक्षिण आफ्रिकेचे युस्ट व्हान डर वेस्टहाउझेन, डॉडी, बरो, ग्लॉस्टरचे एड स्लेटर अशी नावे एकामागून एक डोळ्यांसमोर येतात तेव्हा प्रश्न टाळता येत नाही. माझे मत स्पष्ट आहे : खेळाने आपल्या आजारी माणसांसाठी पैसा उभा करणे हे जितके आवश्यक, तितकेच सरावातले डोक्यावरचे आघात कमी करणेही आवश्यक आहे. पहिले केल्याने दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही. आणि हे सांगण्याचा अधिकार, मुलांना घेऊन रविवारी क्लबवर येणाऱ्या पालकांना सर्वांत जास्त आहे.

पैसा जमवणे हे अर्धे काम. तो कुठे आणि कसा खर्च झाला, यावर संस्थेची खरी परीक्षा होते. एडिंबरा विद्यापीठात २००७ साली स्थापन झालेले युअन मॅकडोनल्ड केंद्र या आजारावर संशोधन करते. तिथले चेतारोगतज्ज्ञ सिद्धार्थन चंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये ‘एमएनडी-स्मार्ट’ ही औषधचाचणी सुरू केली. पैसा देणाऱ्यांत डॉडींची संस्था होती. या चाचणीची रचना समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी एका औषधाची एक चाचणी होई. तिला काही वर्षे लागत, आणि औषध निरुपयोगी ठरले की पुन्हा शून्यापासून सुरुवात : नवी परवानगी, नवे केंद्र, नवे रुग्ण. तेवढ्या वर्षांत आधीचे रुग्ण गेलेले असत. नव्या रचनेत एकाच वेळी अनेक औषधे एकाच समान तुलना-गटासमोर तपासली जातात. एखादे औषध चालत नाही असे दिसले की ते काढून त्याच्या जागी दुसरे घालता येते. चाचणी थांबत नाही. शिवाय तपासायची औषधे आधीपासून दुसऱ्या रोगांसाठी वापरात असलेली निवडली, म्हणजे ती सुरक्षित आहेत की नाही हे पाहण्यात वर्षे जाऊ नयेत. ब्रिटनभरच्या केंद्रांमधून रुग्ण घेतले गेले. पूर्वी स्कॉटलंडच्या खेड्यातल्या रुग्णाला चाचणीत सामील होण्याची संधी क्वचितच मिळे, आणि डॉडींची तीही एक तक्रार होती.

सरकारकडेही त्यांनी तगादा लावला. रुग्ण, डॉक्टर आणि तीन-चार संस्था एकत्र येऊन केलेल्या मोहिमेनंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने एमएनडी-संशोधनासाठी पाच वर्षांत पाच कोटी पौंड देण्याचे जाहीर केले. वर्ष उलटले तरी पैसा संशोधकांपर्यंत नीट पोचला नव्हता. तो लवकर देण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये झाली; तेव्हा डॉडी हयात नव्हते.

त्यांच्या मागे उपक्रम चालू राहिले. २०२३ च्या विश्वचषकात त्यांचे सहखेळाडू केनी लोगन एडिंबराहून पॅरिसपर्यंत सायकलने आणि पायी चेंडू घेऊन गेले. मार्च २०२४ मध्ये वेनराइट यांच्या पुढाकाराने सायकलस्वारांच्या तुकड्या मरेफील्डहून रोमला पोचल्या, इटलीविरुद्धच्या सामन्याचा चेंडू द्यायला. दर जानेवारीला जिल्ह्यांची स्पर्धा भरते. नोंदणी करणाऱ्यांत आता रग्बी कधी पाहिलीही नाही अशी माणसे पुष्कळ असतात. कुणाचे वडील, कुणाची बहीण या आजाराने गेलेली.

एमएनडी-स्मार्टचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये हाती आले. मेमँटाइन आणि ट्रॅझोडोन ही सुरुवातीची दोन्ही औषधे तुलना-गटापेक्षा सरस ठरली नाहीत. बातमी निराशेची होती, पण ती पूर्वीच्या पद्धतीपेक्षा लवकर कळली. दोन्ही औषधे चाचणीतून काढण्यात आली, पण चाचणी थांबली नाही; ती अमँटाडाइन या तिसऱ्या औषधासह चालू राहिली.